गरब्याचे ट्रॅक, ड्रम मशीन आणि एलईडी वॉल एकत्र चालवताना: टाइमकोड, मिडी क्लॉक आणि वर्ड क्लॉक

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका तरुण गरबा ग्रुपकडे लॅपटॉपवर रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आहे, त्यातून ट्रॅक आणि क्लिक (वाजवणाऱ्यांच्या कानातला लयीचा ठोका) बाहेर पडतात. एक जुनी ड्रम मशीन पाच पिनांच्या मिडी केबलने जोडलेली आहे (मिडी म्हणजे वाद्यं आणि यंत्रं एकमेकांना संदेश देतात ती पद्धत) आणि ती मिडी क्लॉकवर चालते. दुसऱ्या लॅपटॉपवरून एलईडी वॉलचे व्हिडिओ चालतात, तो रीपरकडून एमटीसी (मिडीवरून जाणारा टाइमकोड) घेतो. तालमीत दिसलं ते हे: वीस मिनिटांच्या सलग सेटच्या शेवटी व्हिडिओ साधारण सव्वा सेकंद मागे पडलेला असतो, ड्रम मशीन पहिल्याच ठोक्याला अडखळते, आणि हींच (गरब्याचा सहा मात्रांचा ताल) सुरू झाली की तिचा पॅटर्न समेवरून घसरतो. म्हणून विचारणा अशी की सगळं एमटीसीवर न्यावं, एलटीसीवर (आवाजाच्या रूपात जाणारा टाइमकोड) न्यावं की मिडी क्लॉकवर. जाता जाता आणखी एक विचारलं आहे: मराठी मंडळाच्या एका जुन्या नाटकाची आठ ट्रॅकची टेप सापडली आहे, तिच्या आठव्या ट्रॅकवर नुसता किर्र असा कर्कश आवाज आहे, ती खराब झाली का?

या तिघांतून एक निवडायचा नसतो, कारण तिघांची कामं वेगळी आहेत. अशा जोडणीत मुळात तीन प्रश्न असतात. आत्ता आपण कार्यक्रमाच्या कुठल्या क्षणावर आहोत? याचं उत्तर टाइमकोड देतो: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. लय किती आहे आणि मात्रा कुठे पडते? ते मिडी क्लॉक सांगतो. आणि आवाजाचे नमुने एका सेकंदात किती घेतले जातात, म्हणजे प्रत्येक यंत्राचा 'सेकंद' खरोखर केवढा आहे? ते ऑडिओ इंटरफेसमधला (लॅपटॉपचा आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीतला) क्रिस्टल, म्हणजे तिचं घड्याळ, ठरवतो; दोन डिजिटल यंत्रांनी तो एकच क्रिस्टल वाटून घ्यायचा असेल तर वर्ड क्लॉक लागतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ एकाचं काम दुसऱ्यावर टाकण्यात असतं.

तुम्ही परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत तबला शिकता असं लिहिलं आहे. सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेचीच ती पुढची वाढ, तेव्हा तालाच्या भाषेत सांगतो. मिडी क्लॉक हा लेहऱ्यासारखा (तबल्याला लय धरून देणाऱ्या फिरत्या धुनेसारखा) आहे. एका क्वार्टर नोटमागे २४ टिक येतात, लय चढली की टिक जवळ येतात, उतरली की लांब जातात, आणि वाजवणारा त्यावर टिकून राहतो. पण त्या टिकवर आकडा नसतो. मधेच आलेल्या माणसाला नुसता टिक ऐकून कितवं आवर्तन चाललंय ते कळणार नाही. त्यासाठी मिडीत वेगळा संदेश आहे, साँग पोझिशन पॉइंटर; तो सुरुवातीपासून किती सोळाव्या नोटा झाल्या ते सांगतो. टाइमकोडला यातलं काहीच माहीत नसतं. ००:०७:१२:१० म्हणजे सात मिनिटं, बारा सेकंद आणि दहावी फ्रेम. तिथे हींच चालू आहे की त्रण ताळी (तीन टाळ्यांचा गरबा), याचा त्याला पत्ता नाही. म्हणून टाइमकोडवर चालणाऱ्या यंत्राकडे स्वतःचा टेम्पो मॅप, म्हणजे कुठल्या क्षणी किती लय याचा नकाशा, असावाच लागतो, आणि तुमच्या ड्रम मशीनसारख्या जुन्या यंत्राकडे तो बहुधा नसतो. तिला क्लॉकच द्या. व्हिडिओला लयीशी देणंघेणं नाही, त्याला क्षण हवा असतो, तेव्हा त्याला टाइमकोडच द्या. म्हणजे तुमची रचना मुळात बरोबर आहे, बिघाड सेटिंगमध्ये आहे.

आता सव्वा सेकंदाकडे येऊ. हा आकडा तुम्ही लिहिलात हे फार चांगलं केलंत, कारण निदान त्यातच आहे. वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, त्यात १.२ सेकंदांचा फरक म्हणजे बरोबर एक हजारांश. क्रिस्टलचा दोष असता तर इतका फरक पडला नसता. साधा क्रिस्टल दहा लाखांत पन्नास भागांनी चुकला असं धरलं, तरी वीस मिनिटांत ६० मिलिसेकंद होतात, दीड फ्रेम. ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचा घोळ असता तर पावणेदोन मिनिटांचा फरक पडला असता आणि सूर सुमारे दीड सेमीटोन हलला असता. २४ आणि २५ फ्रेमची गल्लत असती तर पाऊण मिनिटाहून जास्त. एक हजारांशाचा फरक असणारी नेहमीची जोडी म्हणजे ३० आणि २९.९७.

२९.९७ हा आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीमुळे आला. १९५३ मध्ये तिथे रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा सेकंदाला ३० फ्रेमचा वेग १००० भागिले १००१ पट, म्हणजे सुमारे एक हजारांशाने कमी, करावा लागला. फ्रेमना मात्र अजून ३० पर्यंतच आकडे देतात. त्यामुळे या कोडमधला 'एक तास' खऱ्या तासापेक्षा ३.६ सेकंदांनी लांब असतो. ही तूट भरायला ड्रॉप फ्रेम काढलं. त्यात दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन आकडे गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. तासाला १०८ आकडे गळतात आणि हिशेब जवळजवळ जुळतो. गळतात ते आकडे, चित्रं नव्हेत. एकही फ्रेम हरवत नाही.

तुमच्याकडे काय झालं असणार ते आकड्यांवरूनच दिसतं. रीपरचं प्रोजेक्ट २९.९७ नॉन-ड्रॉपवर, म्हणजे आकडे न गाळणाऱ्या कोडवर, आहे. खरी वीस मिनिटं संपली तेव्हा त्याचा काउंटर ००:१९:५८:२४ दाखवत होता. व्हिडिओचा लॅपटॉप तो कोड साध्या ३० फ्रेमचा समजला आणि फाइलच्या १९ मिनिटं ५८.८ सेकंदांवर जाऊन बसला. नेमका १.२ सेकंद मागे. व्हिडिओ पुढे पळत असता तर सेटिंग उलटी आहेत असं म्हटलं असतं.

व्हिडिओच्या लॅपटॉपला हे स्वतःहून का कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. एमटीसीच्या संदेशात फ्रेम रेटसाठी दोनच बिट आहेत, म्हणजे चारच पर्याय: २४, २५, ड्रॉप फ्रेम आणि ३०. २९.९७ नॉन-ड्रॉपला वेगळी जागाच नाही. तो '३०' म्हणूनच जातो आणि समोरच्याला माणसाने हाताने सांगावं लागतं. १९८७ मध्ये एमटीसी ठरला तेव्हापासून ही अडचण आहे.

यावर माझा सल्ला ठाम आहे: सगळं २५ वर आणा. आपल्याकडे टीव्ही पहिल्यापासून २५ फ्रेमचा, आणि २५ चा सेकंद खऱ्या सेकंदाएवढाच असतो. ड्रॉप, नॉन-ड्रॉप, हजारांश हे सगळं प्रकरणच मिटतं. तीन ठिकाणी बघा: रीपरचं प्रोजेक्ट सेटिंग, त्यातल्या टाइमकोड जनरेटर आयटमची प्रॉपर्टी आणि व्हिडिओ सॉफ्टवेअरचं टाइमकोड इनपुट. तिन्हीकडे २५ दिसलं पाहिजे. नुसतं लेबल बदलून मात्र भागत नाही, व्हिडिओच्या फाइलीही २५ ला रेंडर करा. मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट बऱ्याचदा स्थिर नसतो, प्रकाश कमी झाला की बदलतो. अशा क्लिप आधी स्थिर २५ मध्ये बदलून घ्या. कोडेकही (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) असा घ्या ज्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते: प्रोरेस, हॅप किंवा डीएक्सव्ही. नेहमीच्या एच.२६४ मध्ये मधल्या एखाद्या फ्रेमवर उडी मारायची तर आधीच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात, आणि टाइमकोडवर चालताना उड्या लागतातच. ग्राफिक्स कार्डाचा एलईडीकडे जाणारा आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा. ६० वर २५ फ्रेम सारख्या बसत नाहीत आणि हलत्या चित्रात झटके दिसतात.

एमटीसी पूर्ण वेळ एका दमात सांगत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये चार छोटे संदेश जातात आणि आठ संदेश मिळून एक पूर्ण वेळ होते, म्हणजे दोन फ्रेम लागतात. २५ फ्रेमला हे ८० मिलिसेकंद. त्यातच व्हिडिओच्या बहुतेक सॉफ्टवेअरची पद्धत अशी असते की एकदा जागा सापडली की ते स्वतःच्या वेगाने चालतात, आणि कोडपासून काही फ्रेम दूर गेले की पुन्हा जागेवर उडी मारतात. म्हणून गाणं सुरू होण्याआधी कोडला पळायला जागा द्या. गाणं ०१:००:००:०० वर सुरू होणार असेल तर कोड ००:५९:५० पासून सोडा. दहा सेकंद पुरेसे आहेत. कोड क्षणभर तुटला तर किती फ्रेमपर्यंत थांबायचं नाही, म्हणजे फ्रीव्हील, हे सेटिंग व्हिडिओकडे असतं. ते शून्यावर ठेवू नका.

प्रत्येक सेटला वेगळा तास द्या. पहिला सेट एक वाजता, दुसरा दोन वाजता, आरती पाच वाजता. नवरात्रात कधी सेट उलटसुलट करावा लागतो, कधी एखादा गाळावा लागतो. कोडच्या तासावरून व्हिडिओवाल्याला आणि लाइटवाल्याला विचारल्याशिवाय कळतं की आत्ता कुठला भाग आहे. काही ग्रुप खऱ्या घड्याळाची वेळच कोड म्हणून चालवतात. गरब्यात ते करू नका. कार्यक्रम रात्री बाराला टेकतो आणि २३:५९:५९:२४ नंतर ००:००:००:०० आलं की मागे चालणाऱ्या यंत्राला वाटतं आपण दिवसभर मागे गेलो. ते थांबतं किंवा पहिल्या क्लिपवर उडी मारतं, आणि तेही नेमकं रंगात आलेल्या क्षणी.

ड्रम मशीनचा पहिला ठोका वेगळ्या कारणाने अडखळतो. मिडीचा नियम असा की 'स्टार्ट' संदेश आला की यंत्र तयार होतं, आणि त्यानंतरचा पहिला टिक म्हणजे पहिली मात्रा. तुम्ही रीपर थेट गाण्याच्या समेवरून सुरू करता, तेव्हा स्टार्ट आणि टिक जवळजवळ चिकटून जातात. जुन्या मशीनला पॅटर्न उचलायला तेवढा वेळ मिळत नाही. दोन आवर्तनं रिकामी ठेवा, रीपरमध्येही आणि मशीनच्या साँगमध्येही. तेवढ्यात क्लिकही सगळ्यांच्या कानात बसते. मधूनच सुरू करायचं असेल तर आधी मशीन साँग पोझिशन पॉइंटर समजते का ते तपासा. समजत नसेल तर ती नेहमी पॅटर्नच्या सुरुवातीपासून उठणार. मग थांबण्याच्या जागा आधीच ठरवाव्या लागतील.

त्या मशीनला स्वतंत्र मिडी पोर्ट द्या. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट वाहून नेतो, म्हणजे एका बाइटला ०.३२ मिलिसेकंद. कीबोर्डचा दहा सुरांचा गुच्छ त्याच तारेवरून गेला तर तीस बाइट होतात, जवळपास दहा मिलिसेकंद. नियमाप्रमाणे क्लॉकचा टिक मधे घुसू शकतो, पण सगळी उपकरणं तो नियम पाळत नाहीत. १२० च्या लयीला दोन टिकमध्ये २०.८ मिलिसेकंद असतात, त्यात दहा मिलिसेकंदांची ढकलाढकल कानाला कळते. युएसबी हबवर चार वस्तू लटकवून त्यातच मिडी इंटरफेस खोचला असेल तर तो काढून थेट लॅपटॉपला लावा. मशीनचा मिडी आउट रीपरकडे परत येत असेल तर तिने क्लॉक परत पाठवू नये हेही बघा. दुहेरी टिक लागले की लय दुप्पट दाखवू लागते.

हींचेत पॅटर्न घसरतो तो सिंकचा दोष नाहीच, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण सिंक बिघडलं असं समजून लोक केबल बदलत बसतात. बे ताळीचा (दोन टाळ्यांच्या गरब्याचा) पॅटर्न सोळा स्टेपचा, म्हणजे मशीनच्या सोळा घरांचा, असतो. हींच सहा मात्रांची. तिचं आवर्तन सोळाव्या नोटांत मोजलं तर बारा स्टेप. मशीन सोळावरच राहिली तर तिचा पहिला ठोका आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर एकदा पडेल, मग सरकत जाईल, आणि अठ्ठेचाळीस स्टेपनंतर, म्हणजे चार आवर्तनांनी, पुन्हा समेवर येईल. दर चार आवर्तनांनी 'आपोआप सुधारतं' असं दिसत असेल तर हेच कारण. प्रत्येक हींच पॅटर्नची लांबी बारा करा. क्लॉकचे २४ टिक तिनानेही भागले जातात, त्यामुळे हींचेच्या चालीला क्लॉक अपुरा पडत नाही.

लय चढवण्याबद्दल. गरबा संथ सुरू होतो आणि वर जातो, आणि रीपरमध्ये टेम्पोची तिरकी रेघ ओढणं सोपं असतं. जुन्या मशीनला मात्र ती रेघ पचत नाही. प्रत्येक टिकवरून ती नवी लय मोजत बसते, आणि कुठे डिले इफेक्ट लयीला बांधलेला असेल तर त्याचा सूर डगमगतो. तिरक्या रेघेऐवजी दर आठ आवर्तनांच्या समेवर एक-दोन बीपीएमची पायरी द्या. नाचणाऱ्यांना पायरी जाणवत नाही, मशीनला सोपं जातं.

त्याआधी एक मोठा प्रश्न स्वतःला विचारा: ड्रम मशीन खरोखर कार्यक्रमात हवी आहे का? तिचे पॅटर्न ठरलेलेच असतील आणि कोणी त्यावर हात चालवणार नसेल, तर ते रीपरमध्ये ऑडिओ म्हणून उतरवून घ्या आणि मशीन घरी ठेवा. मागे चालणारं एक यंत्र कमी झालं की बिघडण्याची एक जागा कमी होते. तुमचा ऑक्टोपॅडवाला तिच्यावर जागेवर फिल मारत असेल तर मात्र ठेवा, त्याची मजा ट्रॅकमध्ये येणार नाही.

ढोलवाल्याच्या कानात क्लिक घालावी का? त्याने मागितली तर घाला. नाही मागितली तर माझ्या मते घालू नये. गरब्यात लय ढोलाच्या हातात असते आणि गर्दीकडे बघून तो ती चढवतो-उतरवतो. तो निर्णय आधीच बनवलेल्या टेम्पो मॅपला घेता येत नाही. कार्यक्रमाचे भाग पाडा. प्रवेश, मधले सिनेगीतांचे गुच्छ, आरती हे ट्रॅकवर आणि टाइमकोडवर. ढोलाचे मोकळे भाग कोडशिवाय, आणि त्यांच्यासाठी व्हिडिओवाल्याने फिरत राहणाऱ्या क्लिप हाताने सोडाव्यात. मी बघितलेल्या चांगल्या ग्रुपमध्ये अशीच विभागणी असते.

आता एलटीसी. तोही टाइमकोडच आहे, फक्त मिडीऐवजी आवाजाच्या रूपात जातो. प्रत्येक फ्रेमचे ८० बिट असतात, त्यातले १६ बिट फ्रेम कुठे संपते आणि टेप कुठल्या दिशेला फिरतेय हे सांगतात. म्हणून तो उलटाही वाचता येतो. २५ फ्रेमला सेकंदाला २००० बिट, आणि कानाला तो १००० ते २००० हर्ट्झमधला खरखरीत आवाज लागतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ टेपच्या संपादनासाठी तो आला आणि आजही मैदानात त्याच्यासारखं काही नाही. कारण साधं आहे: मिडीची केबल १५ मीटरच्या पुढे नेऊ नये असं मानकच म्हणतं, आणि मैदानात स्टेजपासून व्हिडिओच्या टेबलापर्यंत त्याहून कितीतरी जास्त अंतर असतं. एलटीसी मात्र बॅलन्स्ड एक्सएलआर केबलवरून माइकच्या सिग्नलसारखा आरामात जातो. तुमचा व्हिडिओ लॅपटॉप स्टेजवरच रीपरशेजारी असेल तर एमटीसी चालू द्या. साउंडच्या टेबलाशी बसणार असेल तर एलटीसीवर जा.

एलटीसी पाठवताना तो आवाज आहे हे विसरा आणि डेटा आहे हे लक्षात ठेवा. त्याच्या ट्रॅकवर ईक्यू, कंप्रेसर, रिव्हर्ब काहीही नको. एमपी३ करून ठेवू नका, डब्ल्यूएव्हीच. ब्लूटूथ नको. पातळी लाइन लेव्हलला, सुमारे उणे दहा ते उणे बारा डीबीएफएसवर (डिजिटल मीटरचं माप), आणि चॅनेल मेन आउटमधून पूर्ण बाहेर. हजारो लोकांच्या कानावर तो किर्र आवाज गेला तर कोणी माफ करणार नाही. स्नेकमध्ये (स्टेजपासून मिक्सरपर्यंत अनेक वाहिन्या नेणाऱ्या जाड केबलमध्ये) गायकाच्या माइकच्या शेजारची जोडीही टाळा, कारण जास्त गेन दिलेल्या माइकच्या वाहिनीत तो झिरपतो.

तुमच्या इंटरफेसला दोनच आउटपुट आहेत असं दिसतं. एकावर ट्रॅक, दुसऱ्यावर क्लिक. कोडला जागा कुठे? खर्च करायचाच असेल तर इथे करा: निदान चार, शक्यतो सहा स्वतंत्र आउटपुटचा इंटरफेस. महागड्या सिंक पेटीची तुम्हाला गरज नाही. रीपरमध्ये एलटीसी आणि एमटीसी दोन्ही तयार करायची सोय आहे, आणि बाहेरून आलेल्या कोडच्या मागे चालायचीही. प्लेच्या बटणावर राइट क्लिक केलं की ते सेटिंग उघडतं. तुमचा कीबोर्डवाला एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर लक्षात ठेवा की लाइव्ह मिडी टाइमकोडच्या मागे चालू शकतो, पण स्वतः बाहेर फक्त मिडी क्लॉक पाठवतो. लिंक नावाची त्यांची सोय वायफायवरून किंवा नेटवर्क केबलवरून लय आणि मात्रा वाटून देते, कार्यक्रमातली वेळ नाही. दोन लॅपटॉप एकत्र जॅम करायला ती उत्तम, व्हिडिओसाठी उपयोगाची नाही.

वर्ड क्लॉकवर थोडक्यात. दोन डिजिटल यंत्रं ऑप्टिकल किंवा तत्सम केबलने जोडली असतील तर एकच घड्याळ मास्टर, दुसरं 'एक्सटर्नल'वर. नाहीतर टकटक आवाज येत राहतात. तुमच्याकडे सगळं ॲनालॉग जॅकने मिक्सरला जातं, म्हणून वर्ड क्लॉकची गरज नाही. प्रत्येक सेटला नवी सुरुवात होते, तेव्हा दोन क्रिस्टलमधला फरक साचायला वेळच मिळत नाही. सगळ्या फाइली आणि दोन्ही लॅपटॉप ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, एवढं पुरे.

सेटिंग बदलल्यावर कानावर विसंबू नका, मोजा. ड्रम मशीनचा रिमशॉट रीपरमध्ये परत रेकॉर्ड करा, शेजारी रीपरची क्लिक ठेवा, आणि दोन्हींमधलं अंतर सुरुवातीला, दहाव्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला बघा. ४८ नमुने म्हणजे एक मिलिसेकंद. अंतर सगळीकडे सारखं असेल तर तो विलंब आहे: बफर (लॅपटॉप आवाज पुढे पाठवण्याआधी साठवून ठेवतो तो तुकडा), मशीनचा प्रतिसाद वगैरे. ५१२ नमुन्यांचा बफर एकटाच १०.७ मिलिसेकंद खातो. त्यावर उपाय म्हणजे क्लॉक किंवा ट्रॅक तितका सरकवणे. अंतर हळूहळू सरळ रेषेत वाढत असेल तर फ्रेम रेट, सॅम्पल रेट किंवा क्रिस्टलचा प्रश्न. अंतर कधी जास्त, कधी कमी असेल तर ती मिडीच्या वाटेवरची थरथर, तिथे हब, केबल आणि गर्दीचं पोर्ट बघा. या तीन आकृत्या ओळखता आल्या की आंधळेपणाने सेटिंग फिरवावी लागत नाहीत.

व्हिडिओसाठी दर मिनिटाला एक पांढरी फ्रेम आणि त्याच क्षणी एक बीप असा टेस्ट ट्रॅक बनवा, वॉलसमोर उभं राहून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन बघा. एलईडीचा प्रोसेसर स्वतः एक-दोन फ्रेम खातो, तेवढा ऑफसेट द्या. त्याहून बारकाईत अडकू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून ३४ मीटरवर नाचणाऱ्याला तो १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, अडीच फ्रेम. मैदानाच्या मध्यावरच्या माणसासाठी जुळवलंत तर पुढच्यांना थोडं मागे, शेवटच्यांना थोडं पुढे दिसेल. ते तसंच असणार.

राहिली टेप. ती खराब झालेली नाही. आठव्या ट्रॅकवरचा तो कर्कश आवाज बहुधा टाइमकोड किंवा त्या काळी ड्रम मशीनसाठी वापरत तो एफएसके सिंक टोन (दोन सुरांत बदलत राहणारा सिंकचा आवाज) आहे. १९८०-९० च्या दशकांत असं करत: कडेच्या ट्रॅकवर कोड, शक्य तर शेजारचा ट्रॅक रिकामा, म्हणजे कोड संगीतात झिरपू नये. टेपचा वेग कधीच पूर्ण स्थिर नसतो, म्हणून टेप पुढे आणि कॉम्प्युटर किंवा सिक्वेन्सर तिच्या मागे, अशी जोडणी असे. तो ट्रॅक पुसू नका.

तुमच्या टेप मशीनला आठही ट्रॅकचे वेगळे आउटपुट असतील तर आठ इनपुटचा इंटरफेस दोन दिवस भाड्याने किंवा ओळखीने आणा आणि सगळे ट्रॅक एकाच फेरीत उतरवा. एकत्र उतरले की ते आपसात जुळलेलेच असतात, सिंकचा प्रश्नच उरत नाही. दोन-दोन ट्रॅकच बाहेर निघत असतील तर प्रत्येक फेरीत आठवा ट्रॅकही सोबत रेकॉर्ड करा. दर फेरीला टेप थोडी वेगळ्या वेगाने धावते, आणि त्या कोडवरूनच नंतर फेऱ्या एकमेकींवर बसवता येतात. हे काम करताना आठव्या ट्रॅकचं नॉइज रिडक्शन बंद ठेवा. काही यंत्रांत शेवटच्या ट्रॅकसाठी वेगळी कळ असते. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेप चिकटत असेल किंवा हेडवर तपकिरी भुकटी जमत असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या, कारण अशी टेप पुन्हा पुन्हा फिरवता येत नाही. रेकॉर्डिंग चालू न करता टेप नुसती 'ऐकून बघायला' लावू नका. पहिली फेरी हीच बऱ्याचदा सर्वात चांगली फेरी असते.